मंगळवार आणि गुरुवार: शेल्डन केनेडी, खेळातलं मुलांचं लैंगिक शोषण आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी गेली काही वर्षं स्पर्धात्मक खेळात आहे, आणि मी तिच्या टीमबरोबर व्हॉलंटियर पालक म्हणून प्रवास करते. शेल्डन केनेडीबद्दल मी इतर पालकांशी इतक्या वेळा बोललेय की तेच तेच प्रश्न पाठ झालेत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. काही भाग वाचायला जड जाईल. तुम्ही स्वतः यातून गेला असाल तर एका दमात वाचायची गरज नाही, थांबा, नंतर या.

हा शेल्डन केनेडी कोण?

कॅनडाचा आइस हॉकी खेळाडू. जन्म १९६९ चा, मॅनिटोबा प्रांतातल्या एल्कहॉर्न नावाच्या लहानशा गावात वाढला. ज्युनिअर हॉकी तो सस्कॅचवान प्रांतातल्या स्विफ्ट करंट गावच्या स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज या टीमकडून खेळला, आणि १९८९ मध्ये या टीमने मेमोरियल कप जिंकला, म्हणजे कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीची सगळ्यात मोठी ट्रॉफी. नंतर नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, डेट्रॉइट, कॅल्गरी आणि बॉस्टन अशा तीन टीमकडून मिळून ३१० मॅच खेळला. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की पोराने नशीब काढलं. पण आज त्याचं नाव घेतलं जातं ते या ३१० मॅचमुळे नाही, तर १९९६ मध्ये त्याने पोलिसांकडे जाऊन आपल्या कोचविरुद्ध तक्रार दिली त्यामुळे.

त्याच्याबरोबर नेमकं काय झालं होतं?

कोचचं नाव ग्रॅहम जेम्स. शेल्डन चौदा वर्षांचा असताना जेम्सने त्याच्यातलं टॅलेंट हेरलं आणि घरच्यांना सांगितलं की मुलाला मी पुढे नेतो. तिथे ज्युनिअर हॉकीची एक पद्धत आहे, मुलं सोळा-सतराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावात जातात, तिथे अनोळखी कुटुंबाकडे राहतात, तिथल्याच शाळेत जातात आणि टीमसाठी खेळतात. आईवडील शेकडो किलोमीटर लांब. त्या वयात मुलाने काय खायचं, कधी झोपायचं, टीममध्ये राहणार की घरी परत पाठवला जाणार, सगळं एका माणसाच्या हातात.

शेल्डनला दर मंगळवारी आणि गुरुवारी जेम्सच्या घरी जावं लागायचं. कारण काय तर अभ्यासात मदत. वर्षानुवर्षं हे चाललं. तिथे जे व्हायचं त्याचं वर्णन मी करणार नाही, ते कोर्टात नोंदलेलं आहे आणि तेवढं पुरे. पण हे दोन वार मला डोक्यातून काढता येत नाहीत, कारण हे लपूनछपून नव्हतं, वेळापत्रकात होतं. टीमला माहीत होतं की हा मंगळवारी आणि गुरुवारी कोचकडे जातो.

मग आजूबाजूच्या कुणालाच काही कळलं नाही?

माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

काहीतरी विचित्र चाललंय हे जाणवत होतं. पोरं आपापसात त्यावरून टोमणे मारायची. मोठ्यांपैकी कुणाला शंका आली असेल तर ती त्यांनी गिळली, कारण जेम्स जिंकून देत होता. १९८९ मध्ये द हॉकी न्यूज या मॅगझिनने त्याला मॅन ऑफ द इयर केलं होतं. हुशार, वाचन असलेला, मारामारीचं हॉकी नको म्हणणारा कोच अशी त्याची इमेज होती. अशा माणसाला जाऊन विचारणार कोण की हा मुलगा आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तुमच्या घरी एकटा का येतो. आणि हा प्रश्न विचारायला कुठलाही पुरावा लागत नाही हो, फक्त विचारायचं असतं. ते कुणी केलं नाही.

शेल्डनने पुढे आयुष्यभर जे काम केलं त्याचा सगळा रोख याच लोकांवर आहे. गुन्हा करणारे थोडे असतात, आणि ते पोलिसांचं काम आहे. पण बघणारे, शंका येऊन गप्प बसणारे खूप असतात, आणि तेही बरेचदा चांगली माणसं असतात. त्यांना बोलायची हिंमत आणि बोलायची पद्धत शिकवली तर पुढचं मूल वाचू शकतं, हा त्याचा मुद्दा.

त्याने तेव्हाच का नाही सांगितलं?

हा प्रश्न ऐकला की मला आधी राग यायचा, आता मी शांतपणे उत्तर देते, कारण बरेच लोक खरंच समजून घ्यायला विचारतात.

सांगायचं कुणाला? आईवडिलांनी त्याच माणसावर विश्वास टाकून पाठवलेलं. गावाला वाटतं हा मोठा खेळाडू होणार. ज्याच्याबद्दल सांगायचंय त्याच्याच हातात टीममधली जागा. शिवाय शेल्डन मुलगा, हॉकी खेळणारा, आणि हॉकीत दुखलं तरी रडायचं नाही हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. लाज त्यालाच वाटत होती, जणू चूक त्याचीच. आणि मुलं बरेचदा असंही समजून चालतात की मी सांगितलं तर खेळ जाईल, आणि खेळ हीच एक गोष्ट असते जिथे त्यांना आपण काहीतरी आहोत असं वाटतं. मूल गप्प बसतं म्हणजे त्याला चालतंय असं नाही, आणि वीस वर्षांनी बोललं म्हणजे ते खोटं बोलतंय असंही नाही. बहुतेक जण उशिराच बोलतात. काही जण कधीच नाही.

बसच्या अपघाताचा यात काय संबंध?

३० डिसेंबर १९८६ ला स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजची बस बर्फाळ रस्त्यावरून घसरून उलटली, चार खेळाडू गेले. शेल्डन त्या बसमध्ये होता, वय सतरा. अपघातानंतर पोरांना कौन्सेलिंगची गरज होती हे सांगायला तज्ज्ञ नको, पण जेम्सने बाहेरचं कुणी नको म्हणून सांगितलं, आम्ही टीम म्हणून आपलं आपण सावरू. तेव्हा लोकांना ते करारी आणि खंबीर वाटलं. दहा वर्षांनी खरं बाहेर आल्यावर त्याचा दुसरा अर्थ लागला: एखाद्या मुलाने कौन्सेलरसमोर तोंड उघडलं असतं तर कोण अडकलं असतं?

आपली मुलं ज्या ग्रुपमध्ये आहेत तिथे बाहेरच्या माणसाला येऊच देत नसतील, मग तो पालक असो, डॉक्टर असो, दुसरा कोच असो, तर त्याकडे लक्ष ठेवा. शिस्तीच्या नावाखाली बंद केलेलं दार हे बंदच दार असतं.

ग्रूमिंग म्हणजे काय?

म्हणजे मुलाला आणि त्याच्या घरच्यांना हळूहळू आपल्या कह्यात घेणं. हे एका दिवसात होत नाही. आधी खास लक्ष, तू इतरांपेक्षा वेगळा आहेस. मग एखादी भेट, गाडीतून घरी सोडणं, जास्तीची प्रॅक्टिस. मग लहान लहान गुपितं, हे फक्त आपल्यात ठेवू. मग थोडीशी मर्यादा ओलांडायची आणि मूल काय करतं ते बघायचं, काही बोललं नाही तर अजून थोडी. आणि या सगळ्यात आईवडिलांशीही गोड संबंध, कधीकधी मुलापेक्षा आधी पालकच ग्रूम होतात, हे आपल्याला ऐकायला आवडत नाही पण असं होतं.

माझाच अनुभव सांगते. एका रात्री अकरा वाजता माझ्या मुलीच्या फोनवर तिच्या एका असिस्टंट कोचचा मेसेज आला. उद्या अर्धा तास लवकर ये, एक सरप्राइज आहे, घरी नको सांगूस. फोन टेबलावर होता, स्क्रीन उजळली म्हणून मला दिसलं. मी दहा मिनिटं नुसती बसून होते आणि मनात काय चाललं होतं माहितीये, की उगीच बाऊ नको, चांगला माणूस आहे, बाकीचे पालक काय म्हणतील. म्हणजे स्विफ्ट करंटच्या लोकांच्या मनात जे चाललं असेल तेच. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर अर्धा तास लवकर गेले आणि सरळ विचारलं की घरी सांगू नको असं का लिहिलंत. तो गडबडला, सॉरी म्हणाला, सरप्राइज म्हणजे नवीन किट होतं म्हणे. असेलही. मी क्लबला लेखी कळवलं, आणि त्यानंतर कुठल्याही मुलाला पर्सनल मेसेज करायचा नाही, ग्रुपवरच, ज्यात एक पालक असेल, असा नियम झाला. दोन पालकांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. चालेल मला.

मुलग्यांवरही होतं का हे?

हो. शेल्डन बोलला तेव्हा हे मान्य करायलाच लोकांना वेळ लागला. मुलग्यांच्या बाबतीत अजून एक भीती असते की लोक आपल्यालाच गे म्हणतील. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही. गे असणं हा एखाद्या माणसाचा स्वभावधर्म आहे, मुलाचं शोषण करणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हेगार पुरुष, बाई, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला, कुणीही असू शकतो.

तक्रारीनंतर काय झालं? शिक्षा झाली का?

शेल्डनने १९९६ मध्ये कॅल्गरी पोलिसांकडे तक्रार दिली, त्याच्याबरोबर अजून एका खेळाडूची तक्रार होती ज्याचं नाव जाहीर झालं नाही. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सने गुन्हा कबूल केला. दोन मुलांवर मिळून तीनशेहून जास्त वेळा झालेले अत्याचार. शिक्षा, साडेतीन वर्षं.

त्यानंतर काही दिवसांत शेल्डन स्वतःच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी लोकांसमोर आला. तेव्हा तो बॉस्टनकडून खेळत होता, वय सत्तावीस. कायद्याने त्याला नाव गुप्त ठेवता आलं असतं, त्याने ठेवलं नाही. असं करणारा तो जवळपास पहिलाच एवढा नावाजलेला पुरुष खेळाडू, ड्रेसिंग रूममध्ये कुणाशी काय बोलायचं हे ना त्याला माहीत ना टीममेट्सना.

पुढे थिओ फ्लुरी, जो हॉकीतला शेल्डनपेक्षाही मोठा स्टार, त्यानेही २००९ मध्ये आत्मचरित्रातून सांगितलं की जेम्सने त्याच्यावरही अत्याचार केले होते. त्यावरून पुन्हा केस उभी राहिली. मार्च २०१२ मध्ये कोर्टाने फक्त दोन वर्षं दिली, लोक भडकले, अपील झालं आणि २०१३ मध्ये मॅनिटोबाच्या अपील कोर्टाने ती पाच वर्षं केली. २०१५ मध्ये अजून एका माजी खेळाडूच्या केसमध्ये आणखी दोन वर्षं. २०१६ मध्ये जेम्स पॅरोलवर बाहेर आला.

माफीचं प्रकरण काय होतं?

हे वाचून मी हादरले होते. कॅनडात तेव्हा शिक्षा भोगून झाल्यावर ठरावीक वर्षांनी अर्ज केला की गुन्ह्याचं रेकॉर्ड बाजूला ठेवलं जायचं, त्याला पार्डन म्हणतात, आणि बहुतेकांना ते मिळून जायचं. जेम्सला २००७ मध्ये मिळालं. कुणाला पत्ता नाही, ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांनाही नाही. एप्रिल २०१० मध्ये बातमी फुटली आणि देशभर संताप झाला. त्याच वर्षी कायदा बदलून गंभीर गुन्ह्यांसाठी मुदत वाढवली, आणि २०१२ च्या बदलानंतर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना ही सवलत जवळपास बंदच झाली.

आणि एक. कॅनडाच्या हॉकी संघटनेने जेम्सवर कोचिंगची आजन्म बंदी घातली होती, तरी सुटल्यानंतर तो स्पेनमध्ये हॉकी कोचिंग करताना सापडला. बंदी एका देशाच्या एका संघटनेची, बाकी जग मोकळं. कोच बाहेरून आलाय म्हणजे त्याची आधीच्या ठिकाणी चौकशी झालीच असेल असं गृहीत धरू नका.

रोलर स्केट्सवर देश पार केला म्हणतात, ते खरं आहे?

खरं आहे. १९९८ मध्ये त्याने इनलाइन स्केट्स घालून कॅनडाच्या पूर्व टोकापासून, म्हणजे न्यूफाउंडलंडपासून, पश्चिमेला व्हँकुव्हरपर्यंत अख्खा देश पार केला. काही महिने लागले. उद्देश दोन, या विषयावर लोकांनी बोलावं आणि अत्याचार झालेल्या मुलांसाठी एक रँच, म्हणजे मोकळ्या जागेतलं फार्मसारखं केंद्र, उभारायला पैसे जमावेत. रँच काही झाली नाही, जमलेले पैसे नंतर कॅनडाच्या रेड क्रॉसच्या अत्याचार प्रतिबंधाच्या कार्यक्रमाला दिले.

पण मला त्यातलं सगळ्यात जास्त काय भावतं तर वाटेत काय व्हायचं ते. लोक रस्त्याच्या कडेला थांबायचे, गावागावात भेटायला यायचे, आणि त्याच्याजवळ येऊन स्वतःबद्दल सांगायचे. काही जण आयुष्यात पहिल्यांदाच. एका माणसाने मोठ्याने म्हटलं की माझ्याबरोबर असं झालं, तर किती जणांचा घसा मोकळा होतो बघा.

तोपर्यंत तो स्वतः बरा झाला होता का?

नाही. आणि हे सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याला वाटतं की बोललं की संपलं. दारू, ड्रग्ज, आत्महत्येचे विचार, मोडलेली नाती, यातून तो पुढेही बरीच वर्षं जात राहिला आणि त्याने ते स्वतःच उघडपणे सांगितलंय, २००६ मध्ये आलेल्या त्याच्या आत्मकथेतही आहे. लोक त्याला हिरो म्हणत होते आणि तो आतून खचत होता. तक्रार देणं हे एक काम, बरं होणं हे वेगळं काम, त्याला ट्रीटमेंट लागते, वेळ लागतो, मध्ये घसरणं होतं. कुणी सर्व्हायव्हर व्यसनात आहे म्हणून त्याचं म्हणणं कमी खरं ठरत नाही. उलट बऱ्याचदा ते व्यसन त्याच जखमेतून आलेलं असतं.

रिस्पेक्ट इन स्पोर्ट हा कोर्स काय आहे?

२००४ मध्ये शेल्डन आणि वेन मॅकनील या दोघांनी मिळून रिस्पेक्ट ग्रुप ही कंपनी काढली. ऑनलाइन ट्रेनिंग, काही तासांचं. कोच, मॅनेजर यांच्यासाठी वेगळं आणि पालकांसाठी वेगळं. त्यात छळ म्हणजे काय, बुलीइंग म्हणजे काय, लैंगिक शोषणाची लक्षणं, आणि मुख्य म्हणजे शंका आली तर तुमचं कर्तव्य काय हे सांगतात. कॅनडात हा कोर्स दहा लाखांहून जास्त लोकांनी केलाय, आणि कितीतरी हॉकी संघटनांनी घरातल्या निदान एका पालकाने तो केल्याशिवाय मुलाची नोंदणीच होणार नाही असा नियम केलाय.

काही तासांच्या कोर्सने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. गुन्हा करणारा माणूस कोर्स करून सुधारत नाही हे उघड आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांना एकच भाषा मिळते. आता कुणी म्हणालं की मला हे पटत नाहीये तर बाकीचे त्याला वेड्यात काढत नाहीत, कारण सगळ्यांनी तेच ऐकलेलं असतं.

चाइल्ड अॅडव्होकसी सेंटर म्हणजे काय?

आधी काय व्हायचं, तर मुलाने एकदा सांगितलं की त्याला तेच पोलिसांना सांगायचं, मग डॉक्टरांना, मग बालकल्याण खात्याला, मग वकिलांना, प्रत्येक वेळी वेगळी इमारत, वेगळा अनोळखी माणूस, आणि प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून. मोठा माणूस कोलमडेल. कॅल्गरीत जे सेंटर उभं राहिलं त्यात हे सगळे एकाच छताखाली बसतात, मूल त्यांच्याकडे जात नाही, ते मुलाकडे येतात, आणि मुलाला कमीत कमी वेळा सांगावं लागतं. २०१३ मध्ये या सेंटरला शेल्डनचं नाव दिलं होतं, तो त्याच्या नेतृत्वात होता. नंतर ते नाव बदलून लुना झालं, काम तेच चालू आहे.

हे फक्त हॉकीत आणि कॅनडातच होतं का?

नाही हो. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉलरने नाव लपवायचा हक्क सोडून सांगितलं की क्रू अलेक्झांड्रा या फुटबॉल क्लबच्या युथ कोचने, बॅरी बेनेलने, लहानपणी त्याच्यावर अत्याचार केले. त्यानंतर आठवडाभरात इतके माजी खेळाडू पुढे आले की वेगळी हेल्पलाइन काढावी लागली. बेनेलला २०१८ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली आणि तो २०२३ मध्ये तुरुंगातच मेला.

अमेरिकेत रेचल डेनहॉलंडर ही माजी जिम्नॅस्ट २०१६ मध्ये जिम्नॅस्टिक्सचा टीम डॉक्टर लॅरी नासरबद्दल पहिल्यांदा नावानिशी बोलली. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात सात दिवसांत १५६ जणींची निवेदनं झाली, त्याला ४० ते १७५ वर्षं शिक्षा झाली. तिथे तर आई खोलीत बसलेली असतानाही त्याने उपचाराच्या नावाखाली अत्याचार केले होते. म्हणून मी म्हणते की मी तिथेच तर होते असं म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि कॅनडातच २०१९ मध्ये सीबीसी या तिथल्या सरकारी वृत्तवाहिनीने कोर्टाची जुनी रेकॉर्ड तपासली तेव्हा आधीच्या वीस वर्षांत हौशी खेळांतले किमान २२२ कोच मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेले निघाले, पीडित मुलं ६०० हून जास्त. वेगवेगळे खेळ. आणि हे फक्त सिद्ध झालेले.

मग काय, प्रत्येक कोचवर संशय घ्यायचा?

नाही. चांगले कोच मुलांचं आयुष्य घडवतात, माझ्या मुलीला असे दोन मिळालेत. संशय माणसावर घ्यायचाच नाही, नियम सगळ्यांना सारखा लावायचा. कॅनडात कोचिंगमध्ये रूल ऑफ टू म्हणतात, मुलाबरोबर कुठलाही मोठा माणूस एकटा नसेल, कायम दोन जण, दोघांची पोलीस तपासणी झालेली आणि ट्रेनिंग झालेलं. प्रवासात, लॉकर रूममध्ये, मेडिकल रूममध्ये, आणि मेसेजवरसुद्धा. मुलाशी एकट्याने बोलायचंच असेल तर जिथे बाकीच्यांना दिसेल तिथे, दार उघडं ठेवून. चांगल्या कोचला याचा त्रास होत नाही, उलट त्याचंच रक्षण होतं. माझ्या मुलीच्या एका कोचने तर स्वतःहून सांगितलं होतं की मुलगी गाडीत एकटी असेल तर मी लिफ्ट देणार नाही, मी तुम्हाला फोन करून इथे थांबेन. थांबलाही, पाऊण तास पावसात.

हा नियम शेल्डनच्या वेळी असता तर मंगळवार-गुरुवार शक्यच नव्हते.

क्लब निवडताना पालकांनी काय विचारायचं?

कोचची पार्श्वभूमी कोण तपासतं आणि किती वर्षांनी पुन्हा तपासतं. प्रवासात खोल्यांची वाटणी कशी असते. तक्रार करायची तर कुणाकडे, आणि तो माणूस क्लबच्या बाहेरचा आहे का, कारण कोचविरुद्धची तक्रार कोचच्या मित्राकडे देऊन काय उपयोग. पालक प्रॅक्टिस बघायला बसू शकतात का. उत्तरापेक्षा प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा. जो क्लब चिडतो तिथे मी माझं मूल ठेवणार नाही.

मुलाने मला सांगितलं तर?

पहिली पाच मिनिटं फार महत्त्वाची असतात, म्हणून हे आधीच मनात पक्कं करून ठेवा.

शांत राहा, निदान दिसायला तरी. तुमचा चेहरा बघून मूल ठरवतं की पुढचं सांगायचं की नाही. म्हणा की सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही. खोदून विचारू नका, त्याने इथे हात लावला का, तिथे लावला का, असं सुचवणारं तर अजिबात नाही, त्याने मूलही गोंधळतं आणि पुढे केसलाही अडचण येते. जेवढं सांगेल तेवढं ऐका आणि नंतर त्याच्याच शब्दांत तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागणार. त्याऐवजी सांगा की तुला सुरक्षित ठेवायला मला काही माणसांची मदत लागेल. कपडे, मेसेज, फोटो, काही पुसू नका, धुऊ नका. आणि त्या माणसाला फोन करून जाब विचारू नका, कितीही रक्त उसळलं तरी, त्याला पुरावे मिटवायला वेळ मिळतो. थेट पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणा. क्लबला आधी सांगून ते बघतील असं थांबू नका, संस्थेला स्वतःचं नाव वाचवायचं असतं.

नुसती शंका आहे, पुरावा नाही. तरी कळवायचं?

कळवायचं. तपास करणं तुमचं काम नाही. कॅनडात तर मुलाचं शोषण होतंय अशी रास्त शंका आली तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारकच आहे, सिद्ध करायची जबाबदारी सांगणाऱ्यावर नाही.

आणि निर्दोष माणूस अडकला तर?

ही भीती मला समजते. पण कळवणं म्हणजे शिक्षा देणं नाही. चौकशी ट्रेनिंग असलेले लोक करतात, त्यात काही नसेल तर तसं निघतं. गावगप्पा आणि कुजबुज, त्यात खरं तर निर्दोष माणसाचंही जास्त नुकसान होतं आणि मुलाला काहीच मिळत नाही.

माझ्याबरोबर लहानपणी झालंय, आता खूप वर्षं झाली. काही करता येईल का?

देशादेशाचा कायदा वेगळा आहे. कॅनडात गंभीर लैंगिक गुन्ह्यांच्या फौजदारी केसला मुदतच नाही, म्हणून तर फ्लुरीची केस पंचवीस वर्षांनंतरही उभी राहिली. तुमच्या इथलं वकिलाला विचारा. पण पोलिसांकडे जाणं हा एकच रस्ता नाही आणि तुम्ही कुणाचं देणं लागत नाही. आधी एका विश्वासाच्या माणसाला सांगितलं, एखाद्या कौन्सेलरला सांगितलं, तेवढंही पुष्कळ आहे. नावानिशी पुढे येणं ही शेल्डनची निवड होती, ती प्रत्येकाची असायला हवी असं नाही. त्याच्याबरोबर तक्रार देणाऱ्या त्या दुसऱ्या खेळाडूचं नाव आजही जाहीर नाही, आणि १९९७ च्या शिक्षेत त्याचाही तेवढाच वाटा आहे.

शेल्डन अजून काम करतो का?

करतो. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीसमोर जाऊन तो बोलला, २०१४ मध्ये त्याला ऑर्डर ऑफ कॅनडा हा देशाचा मोठा नागरी सन्मान मिळाला. पण मला त्याच्याबद्दल शेवटचं सांगायचंय ते २०१८ चं आहे.

६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवान प्रांतातच हम्बोल्ट ब्रॉन्कोज या दुसऱ्या एका ज्युनिअर टीमच्या बसला ट्रकचा अपघात झाला, १६ जण गेले. नावही ब्रॉन्कोज, बसही तशीच, पोरंही त्याच वयाची. काही दिवसांतच शेल्डन १९८६ च्या बसमधल्या आपल्या जुन्या टीममेट्सना घेऊन हम्बोल्टला गेला. वाचलेल्या पोरांना, घरच्यांना भेटला, त्यांच्याजवळ बसला. तो सतरा वर्षांचा असताना बाहेरचं कुणी नको म्हणून सांगितलं गेलं होतं. हम्बोल्टला तोच बाहेरून आला, आणि या वेळी मुलांशी बोलायला कौन्सेलरही तिथे होते.